राहून गेलेली राधा

तिसऱ्या दिवशी वर्गात चारच जण उरले होते आणि त्यातली एक पाणी प्यायला आलेली होती.

पहिल्या दिवशी सत्तावीस होते. दुसऱ्या दिवशी अकरा. मी फळ्यासमोर खडू घेऊन उभी होते आणि मागच्या भिंतीवर माझी राधा हसत होती. राधा म्हणजे पोस्टर. पुण्याच्या ऑफिसात चांगल्या कागदावर, चार रंगांत छापून, नळकांड्यात गुंडाळून मी ते ट्रॅव्हल्सने वाशिमला आणि तिथून एसटीने मानोऱ्याला आणलं होतं. वाटेत कुणाच्या तरी पिशवीखाली सापडून राधाच्या हनुवटीला घडी पडली होती, एवढंच.

पाणी प्यायला आलेल्या मुलीने ग्लास ठेवला आणि पोस्टरकडे बोट केलं.

"मॅडम, हे कोण हाय?"

"राधा."

"कोणत्या तांड्याची?"

"कुठलीच नाही. काल्पनिक आहे."

"मंग तिचं टेन्शन आपल्याले काहून?"

चौदा वर्षं मी अभ्यासक्रम तयार करायचं काम करते आहे. शाळेचे नाहीत, शाळा-कॉलेजच्या कडेकडेने चालणारे, पंधरा ते वीस वयाच्या मुलामुलींसाठीचे. एवढ्या वर्षांत असा नेमका प्रश्न मला एकाही मीटिंगमध्ये कुणी विचारला नव्हता.

आता राधा कुठून आली ते सांगते. आमच्या कामात सध्या डिझाइन थिंकिंग नावाची पद्धत चालते. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. ज्यांच्यासाठी काही बनवायचं, त्यांच्याजवळ आधी बसा, ऐका. याला एम्पथी म्हणतात. मग त्यांची खरी अडचण एका वाक्यात मांडा. मग उपाय सुचवा, भरपूर सुचवा. त्यातल्या एकाचा प्रोटोटाइप करा, म्हणजे कच्चा नमुना. शिंपी आधी कच्चा धागा घालून कपडा अंगावर लावून बघतो, तसा. आणि शेवटी तो त्याच लोकांवर लावून बघा. ऐकलेल्या सगळ्यांचं मिळून एक प्रातिनिधिक माणूस तयार करायचा, त्याला पर्सोना म्हणतात. राधा ही माझी पर्सोना.

पहिली पायरी, जवळ बसून ऐकायची, ती मी पुण्यात बसून केली. त्या दिवसांत दुसऱ्या एका प्रोजेक्टची डेडलाइन होती. म्हणून आमच्या मानोरा केंद्राचा गजानन फॉर्म घेऊन आसपासच्या गावांत आणि तांड्यांवर फिरला. गजानन मूळचा केनवडचा, तिशीचा, कामाला पक्का. मी त्याला बजावलं होतं, मुलं जे बोलतील ते जसंच्या तसं लिही, स्वतःचं काही घालू नकोस. त्याने तसंच केलं. चाळीस फॉर्म आले. मी ते एक्सेलमध्ये भरले, वाचले, आणि मला एक गोष्ट लख्ख दिसली.

"सध्या काय करता?" या प्रश्नाखाली बहुतेकांची उत्तरं एकाच शब्दाने संपत होती. 'पार्लर शिकून राह्यली.' 'गाडी शिकून राह्यलो.' 'बारावी करून राह्यली.' शिकून राहिली. बारावी करून तशीच राहिली. माझ्या अंगावर काटा आला. एवढी सगळी पोरं काही ना काही शिकली आहेत आणि नंतर तिथंच राहून गेली आहेत. पुढे सरकलीच नाहीत. एका मुलीच्या फॉर्मवर तर लिहिलं होतं, 'मामाकडे मोटार भरून राह्यली.' म्हणजे घरचं सामान गाडीत भरून मामाकडे राहायला गेलेली. विस्थापित. मी त्या ओळीला पिवळा रंग दिला आणि शेजारी लिहिलं, 'फार महत्त्वाचं.'

यातून माझी राधा जन्मली. वय अठरा, बारावी झालेली, शिकून मागे राहिलेली, घर सुटल्याने मामाच्या आश्रयाला असलेली, आत्मविश्वास हरवलेली. पोस्टरवर मी शीर्षक दिलं, 'राहून गेलेली राधा'. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. आमचे प्रोग्रॅम हेड बर्वे सर म्हणाले, "वैशाली, याला म्हणतात इनसाइट." मी दोन दिवस हवेत होते. मग तिच्यासाठी 'उमेद' नावाचं मॉड्यूल लिहिलं. स्वतःला ओळखा, आरशाशी बोला, बायोडेटा लिहा, मुलाखतीला जा.

तेच मॉड्यूल घेऊन मी मानोऱ्यात उभी होते आणि समोर चार जण होते.

बाहेर जाऊन सरांना फोन केला. सोमवारी फंडरपुढे, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेपुढे, ऑनलाइन प्रेझेंटेशन होतं आणि आज गुरुवार होता. मॉड्यूलची ही चाचणी जमली तर अभ्यासक्रम मंजूर. नाही जमली तर मार्चपासून मानोरा केंद्र बंद.

"ड्रॉपआउट किती?" सरांनी विचारलं.

"मोजायला सोपं आहे, सर. उरलेले मोजते. चार."

"इटरेट कर," सर म्हणाले. इटरेट म्हणजे सुधारून पुन्हा करून बघ. काय सुधारू ते सर सांगत नाहीत. तो त्यांचा स्वभाव आहे.

फोन ठेवला तर दारात एक गृहस्थ उभे. खांद्यावर दुपट्टा, हातात मोटारसायकलची किल्ली. मघाच्या पाणीवाल्या मुलीचे वडील. मुलीचं नाव शीतल. नाव ऐकून मी चमकले, कारण पिवळी ओळ शीतलच्याच फॉर्मवर होती.

"मॅडम, आमी मंगळवारी कामाले जाऊन राह्यलो," ते म्हणाले. दिवाळी झाली की त्यांच्या तांड्यावरची बरीच घरं चार-पाच महिने बाहेर कामाला जातात. "हिले संगं न्यावं का ठेवावं, थेच इचाराले आलो. तिची माय म्हन्ते ठेवा, पेपर हायेत फेब्रुवारीत. पन नुसतं ठेवून काय करन? मामाच्या दुकानात तारा गुंडाळते, त्याले मी शिक्षण नाई म्हनत. तुमच्या सेंटरात तिच्यासाटी काई कोर्स असन, तर ठेवतो मामाकडं. नाईतर घेऊन जातो."

"आहे ना कोर्स," मी म्हणाले.

त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. चार पोरं, रिकाम्या सतरंज्या आणि हनुवटीला घडी पडलेली राधा. "सोमवारी येतो," म्हणाले आणि गेले.

मला मनापासून वाईट वाटलं. पोरगी गेली असती तर बारावीच बुडली असती, आणि तिला थांबवायला माझ्याकडे होतं काय, तर आरशाशी बोलण्याचा खेळ. शिवाय एक गोष्ट खटकत होती. वडील म्हणत होते 'ठेवतो मामाकडं'. पण ही तर आधीच मामाकडे राहायला गेलेली होती, फॉर्मवर तसं स्वच्छ लिहिलं होतं. गजाननने लिहिताना काहीतरी घोळ केला, असं मी ठरवून टाकलं. आपल्या चुकीला दुसऱ्याचं नाव किती पटकन सुचतं, हे आता लिहितानाही जाणवतं.

शुक्रवारी वर्गात कुणीच आलं नाही. मी गजाननला म्हटलं, "चल, शीतलच्या मामाकडे जाऊ. तिची परिस्थिती तरी प्रत्यक्ष पाहू."

"कोनती परिस्थिती?" गजानन म्हणाला.

"घर सुटल्याची."

त्याने मोटारसायकल काढली.

मामाचं घर नव्हतंच ते. बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान होतं. दारात शेतावरच्या पाण्याच्या मोटारी ओळीने मांडलेल्या, काही उघड्या, काही काळ्या पडलेल्या. आत गोणपाटावर बसून शीतल एका मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवत होती. लोखंडी खाचेत आधी कागद, मग तार, मग बोटाने दाबायचं. तिचे ओठ हलत होते, ती वेढे मोजत होती. मी थांबले. खाच भरल्यावर तिने वर पाहिलं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"मोटार भरून राह्यली."

मी तिथंच एका उलट्या डब्यावर बसले.

वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते, ज्या गजाननला सांगायची गरज पडली नसती. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळणं याला पुस्तकात रिवाइंडिंग म्हणतात आणि मानोऱ्यात मोटार भरणं म्हणतात. दुसरं, मी साताऱ्याची. आमच्याकडे मागे पडलेला माणूस 'राहिला'. वऱ्हाडात 'करून राह्यली' म्हणजे करते आहे, आत्ता, या घडीला. तीन दिवस ही बोली माझ्या कानांवर पडत होती आणि मला बिनचूक कळतही होती. आदल्या दिवशी शीतलचे वडील 'जाऊन राह्यलो' म्हणाले, तेव्हा मी बरोबर 'जातो आहोत' असंच समजले होते. पण फॉर्म मी पुण्यात डोळ्यांनी वाचले होते, आणि डोळ्यांनी जे एकदा वाचलं ते पोस्टरवर छापूनही झालं होतं. त्या फॉर्मवरचं एकही पोर मागे राहिलेलं नव्हतं. सगळी शिकत होती. मागे राहिली होती ती फक्त राधा.

"गजानन," मी हळूच विचारलं, "ते पोस्टर तू पहिल्या दिवशी पाहिलंस ना? तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं," तो म्हणाला. "पन मले वाटलं, डिझाइन म्हन्तात ते असंच असन. वरतून येते तं बरोबरच असन."

मला हसू आलं ते थांबेना. मामा हातातली पक्कड ठेवून बघत राहिले. शीतलला वाटलं तिचं काही चुकलं, म्हणून ती वेढे पुन्हा मोजायला लागली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी पुसताना तारेला लावायच्या वार्निशचा हात गालाला लागला.

"म्हंजे राधा मीच हाय?"

"होतीस."

"मी मामाकडं सामान घेऊन पळाली?"

"गाडी भरून," मी म्हणाले.

खरी पहिली पायरी मग सुरू झाली. शुक्रवारची दुपार आणि शनिवार-रविवार आम्ही दोघं मोटारसायकलवर फिरलो, जिथे पोरं शिकत होती तिथे. पार्लर, मोबाइलचं दुकान, टेलरिंग, गॅरेज. यावेळी मी एकच प्रश्न ठेवला, आणि तो गजाननकडून लिहून घेतला: "जे शिकून राह्यले, त्याच्यात अडते कुठं?"

पहिलं उत्तर शीतलचं होतं. "मोटार भरता येते मले. पन जळाली काहून, थे मामा सांगत नाई."

मी मामांकडे पाहिलं. वीस वर्षं हेच काम करणारा माणूस लाजला. "माहीत हाय ना मले," ते म्हणाले. "पाहून समजते. पन तोंडानं नाई सांगता येत. मी हातानं शिकवतो, मॅडम."

पार्लरमध्ये शिकणारी मुलगी म्हणाली, बाटलीतलं लावायचं कसं ते कळते, पण ते चेहऱ्याला झोंबते काहून ते ताईला विचारलं की ताई रागावते. गॅरेजमधला मुलगा म्हणाला, हा नट आधी आणि तो नंतर, असं काहून, तर उस्ताद म्हणतो असंच असते. टेलरिंगवाली म्हणाली, तिरपं कापड कापलं तर ते लोंबते काहून. रविवारपर्यंत माझी वही भरली आणि पानोपानी एकच शब्द होता.

या पोरांना उमेद नको होती, ती त्यांच्याकडे माझ्याहून जास्त होती. शिक्षकही होते. फक्त ते शिक्षक हाताने शिकवणारे होते. हाताला येतं ते तोंडाने समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं, रोज दोन तास. एवढीच खरी अडचण, आणि ती एका वाक्यात बसत होती.

"हे मोटार का जळते, ते शिकवणार कोण?" मी गजाननला विचारलं. "आता इथे इलेक्ट्रिशियन कुठून आणू?"

"मी आयटीआय हाय, मॅडम. इलेक्ट्रिशियन ट्रेड."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं नाई. फॉर्म तर पोट्ट्यांचा होता."

रविवारी संध्याकाळी आम्ही प्रोटोटाइप लावला. जळालेली मोटार सतरंजीच्या मधोमध ठेवली. गजानन समजावत होता: वीज तीन तारांनी येते, त्यातली एक गेली तरी मोटार उरलेल्या दोघींवर ओढत राहते, अंगाबाहेरचं काम करते, तापते आणि जळते. मामा स्वतः येऊन भिंतीला टेकून बसले होते. मध्येच म्हणाले, "हेच म्हनून राह्यलो होतो मी वीस वर्षांपासून, पन मनात." वर्गात एकोणीस जण होते. राधा मी काढून ठेवली होती. तिच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मोटारीची आकृती काढली. कागद खरंच चांगला होता.

सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन. सरांना आधी फोनवर कल्पना देणं भाग होतं.

"मॉड्यूलचं नाव बदललंय, सर."

"काय केलंस?"

"काहून."

"काय?"

"काहून, सर. म्हणजे का."

"आणि उमेद? राधा? ती इनसाइट?"

इथे मी शूरपणा केला नाही. म्हणाले, "डेटा इंटरप्रिटेशनमध्ये थोडं रिफाइनमेंट झालं, सर." या वाक्याचा अर्थ 'मी चुकले' असा होतो, पण कुणाला कळत नाही. सरांनाही कळला नाही. "गुड," ते म्हणाले.

फंडरच्या बाई मात्र हुशार निघाल्या. त्यांनी विचारलं, दुपारी पोरं दुकानात उस्तादाकडे आणि संध्याकाळी तुमच्याकडे, मग प्रमाणपत्रावर सही कुणाची? मी म्हणाले, दोघांची. सेंटरची आणि उस्तादाची. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, दोन वर्षांची मंजुरी नाही देता येणार, एक वर्ष चालवून दाखवा. मला ते पुरेसं होतं.

दुपारी शीतलचे वडील आले. मी त्यांच्या हातात टाइमटेबल दिलं. त्यावर शीतलचं नाव, तिच्यापुढे 'मोटार रिवाइंडिंग', आणि त्यापुढे 'प्रशिक्षक' या रकान्यात मामांचं नाव आणि दुकानाचा पत्ता. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजे दुकानाचाच कोर्स हाय?"

"दुकानाचा आणि आमचा. बारावीच्या अभ्यासाला सकाळची वेळ मोकळी ठेवलीय."

"तारा गुंडाळाचं पन नाव असते म्हना," ते म्हणाले. कागदाची नीट घडी करून त्यांनी खिशात ठेवला. "ठेवतो मंग. तिच्या मायले दाखवतो हे."

मंगळवारी तांड्यावरची गाडी निघाली तेव्हा शीतल तिच्यात नव्हती. दुकानात होती. आईला पोहोचवून आली आणि कामाला लागली, असं गजाननने सांगितलं. मी तोवर पुण्याच्या वाटेवर होते. खिडकीशी बसून मला फार बरं वाटत होतं आणि ते मी लपवत नाही.

फेब्रुवारीत बर्वे सरांचा फोन आला. वार्षिक रिपोर्टसाठी एखादी केस स्टोरी हवी होती. "त्या शीतलचं काय झालं पुढे? थांबली की गेली?"

"गजाननचा मेसेज आलाय, सर. वाचून दाखवते. 'शीतल पेपर देऊन राह्यली. दुपारून मामाकडे मोटार भरून राह्यली.'"



"अरेरे," सर म्हणाले. "म्हणजे पेपर दिले आणि राहिली. आणि शेवटी गाडी भरून मामाकडेच गेली म्हणायची. वाईट झालं, वैशाली."

आता पर्याय नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. पिवळी ओळ, राधा, उलटा डबा, रिफाइनमेंट, सगळं. आणि हेही की शीतल कुठेही गेलेली नाही, तिचे तीन पेपर झालेत, दोन बाकी आहेत, आणि आमच्या केंद्राच्या बोअरची मोटार जळाली होती ती तिनेच भरून दिली. एम्पथीची पायरी पुण्यात बसून करता येत नाही, तिला मानोऱ्याची एसटी पकडावी लागते, एवढं या प्रकरणातून मी शिकले. फॉर्मवर आता एक रकाना वाढवला आहे: 'म्हणजे काय, ते विचारून लिहा.'

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून राह्यली ना, सर," मी म्हणाले.